बेंच पॉवर सप्लाय: इंदूर, मार्च ते एप्रिल २०२५

२ मार्च, रविवार

ट्रान्झिस्टर शिकायला घेतला की पहिल्याच आठवड्यात कळतं, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर विसंबून काही होत नाही. थोडा करंट ओढला की तिचा व्होल्टेज खाली येतो, आणि मग सर्किट चुकलंय की बॅटरी दमलीय हेच समजत नाही. मोबाइलचा साधा चार्जर ५ व्होल्टच्या पलीकडे जात नाही. म्हणून आधी पॉवर सप्लाय करायचा, बाकीचं नंतर, असं ठरवलं. पाहिजे ते एवढंच: नॉब फिरवून साधारण सव्वा ते १५ व्होल्ट, करंट १ अँपिअरपर्यंत, आणि वायरला वायर लागली तरी जळू नये.

एसएमपीएस (कॉम्प्युटर, चार्जरमध्ये असतो तो स्विचिंग प्रकारचा सप्लाय) मुद्दाम नको म्हटलं. त्यात २३० व्होल्ट सरळ डायोडमधून जाऊन आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी तयार होतात आणि कपॅसिटरमध्ये बसून राहतात. नवशिक्याने हात घालायची ती जागा नाही. लिनिअरमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवून मग स्थिर करायच्या पद्धतीत, मेन्सची (भिंतीतल्या सॉकेटची) वीज ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीपाशी, आत येणाऱ्या वाइंडिंगपाशीच थांबते. पुढचं सगळं हात लावून, मीटर लावून बघता येतं, आणि मला बघायचंच आहे.

रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी (चिप): एलएम ३१७. बॉब डॉबकिन यांनी १९७६ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना तो डिझाइन केला, आणि आजही कुठल्याही दुकानात मिळतो. पाय तीनच: इनपुट, आउटपुट, अ‍ॅडजस्ट. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यात १.२५ व्होल्ट कायम राखायचे, एवढंच काम तो करतो. दोन रेझिस्टर लावून त्या १.२५ चे ५ करायचे की १२, हे आपण ठरवायचं.

८ मार्च, शनिवार

मामांबरोबर महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन सामान आणलं. मामा मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते, मोटारी आणि पॅनल यांत आयुष्य गेलं. आयसीचं मला माहीत नाही म्हणतात, पण मेन्सच्या बाबतीत त्यांच्याशिवाय पान हलवायचं नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलेलं. दुकानदाराने सवयीने त्यांनाच विचारलं, "कितने एम्पियर का दूँ, भिया?" मामांनी माझ्याकडे बोट केलं, "इनसे पूछो, बनाने वाली ये हैं."

मी २ अँपिअर सांगितलं. हवा आहे १ अँपिअरच, पण ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि मोठा कपॅसिटर लावला की ट्रान्सफॉर्मरमधून करंट सलग वाहत नाही. प्रत्येक अर्ध्या चक्राच्या टोकाशी थोडा वेळ जोराने वाहतो, आणि त्यामुळे वाइंडिंग जास्त तापतं. ढोबळ नियम असा, की एसी रेटिंगच्या ०.६२ पट डीसी घ्यावा. म्हणजे २ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सव्वा अँपिअरच्या जरा आत. १ अँपिअर आरामात.

ट्रान्सफॉर्मर ९-०-९ चा घेतला, म्हणजे १८ व्होल्टच्या वाइंडिंगच्या मधूनही एक वायर काढलेला; १८ चा सरळ नाही. का, ते पुढे येईल. बाकी: १एन५४०८ डायोड, ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर, दोन एलएम ३१७, पंखांचा अ‍ॅल्युमिनियम हीटसिंक, मायका, प्लास्टिकचे बुश, हीटसिंक कंपाउंड, झिरो पीसीबी (भोकं पाडलेला कोरा बोर्ड), २५० मिलिअँपिअरचे स्लो-ब्लो काचेचे फ्यूज, सिमेंट रेझिस्टर. येताना ऑटो पार्ट्सच्या दुकानातून स्कूटरच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट १० वॅटचे दोन बल्ब. लोड (सप्लायमधून करंट ओढणारी वस्तू) म्हणून त्यांच्यासारखं स्वस्त काही नाही, आणि ते दिसतं.

९ मार्च, रविवार

आज फक्त मेन्सची बाजू. वेळ लागला, लागू दिला.

ट्रान्सफॉर्मरची कुठली बाजू प्रायमरी हे वायरच्या रंगावर सोडायचं नाही, मीटरने बघायचं. एका बाजूच्या दोन वायरींत ५८ ओहम आले. दुसऱ्या बाजूला तीन वायरी, तिथे टोकापासून टोकापर्यंत एक ओहमच्याही आत. बारीक तारेचे भरपूर वेढे ती प्रायमरी, जाड तारेचे थोडे वेढे ती सेकंडरी. प्रायमरी आणि लोखंडी पत्र्यांमध्ये मीटरने काहीच दाखवलं नाही, तेच हवं होतं.

डबा म्हणून जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा पत्र्याचा खोका घेतला. आतलं सगळं काढलं, तीन पिनांचं सॉकेट ठेवलं. अर्थिंगची हिरवी वायर सर्वांत आधी जोडायची, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून. ही मामांची अट. "फेज सुटून डब्याला लागला तर फ्यूज उडायला पाहिजे, तू नाही." फ्यूज फेजमध्ये, त्याच्यापुढे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. प्रत्येक जोडावर स्लीव्ह.

पहिल्यांदा चालू केलं ते मामांच्या सिरीज बोर्डवर. ६० वॅटचा साधा बल्ब फेजमध्ये सिरीजला असतो. पुढे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा करंट तिथेच अडतो, सगळं ठीक असेल तर बल्ब काळाच राहतो. आपला काळा राहिला. मग सरळ लाइनवर लावलं. लाइन २३६ व्होल्ट, सेकंडरीवर १०.३ आणि १०.३. लोड नसताना छापील आकड्यापेक्षा जास्त दिसणारच, ९ हा आकडा पूर्ण लोडचा असतो.

१६ मार्च, रविवार

ब्रिज आणि कपॅसिटर जोडले. पूर्ण १८ व्होल्टचं वाइंडिंग वापरून, लोडशिवाय: २७.९ व्होल्ट डीसी. हिशेब जुळतो. २०.६ गुणिले १.४१४ म्हणजे २९.१, त्यातून दोन डायोडचे जेमतेम १.२ वजा. लाइन २५३ पर्यंत चढली तर इथे ३० होतील. म्हणून ३५ च्या ऐवजी ५० व्होल्टचा कपॅसिटर.

इंडिकेटरचे दोन्ही बल्ब सिरीजमध्ये लावले, ०.८३ अँपिअर. व्होल्टेज २३.६ वर आला. मीटर सरासरी दाखवतो. प्रत्यक्षात कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि मधल्या वेळात उतरतो. १ अँपिअरला ४७०० मायक्रोफॅरड एका फेरीत किती उतरेल: १ भागिले (१०० गुणिले ०.००४७), म्हणजे २.१ व्होल्ट. रेग्युलेटरला शिखर कितीही मिळालं तरी उपयोग नाही, त्याला या लाटेचा तळ पुरला पाहिजे. एलएम ३१७ ला इनपुट आणि आउटपुटमध्ये साधारण अडीच व्होल्टांचा फरक लागतो. तळ २२ धरला तर १९ च्या वर काही मागू नये, आणि १५ ला भरपूर जागा आहे.

कपॅसिटरच्या पायांवर २.२ किलोओहमचा १ वॅटचा रेझिस्टर कायमचा बसवला. बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात कपॅसिटर जवळजवळ रिकामा होतो. नाहीतर स्विच बंद करून तासाभराने स्क्रू ड्रायव्हर लावला तरी ठिणगी उडेल.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, त्या बाजूला जायचा प्रश्नच नाही. घरी बसून रेझिस्टरचं गणित.

जिकडे तिकडे आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये २४० ओहम दाखवलेला असतो. तो आकडा एलएम ११७ च्या (३१७ चाच जास्त कडक निकषांचा भाऊ) डेटाशीटवरून, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावरून, चालत आलाय. ११७ ला आपला तोल राखायला किमान ५ मिलिअँपिअर वाहिले की पुरतं. ३१७ च्या डेटाशीटमध्ये तो आकडा १० मिलिअँपिअरपर्यंत दिलाय. लोड काहीच नसेल आणि २४० लावला असेल, तर एखाद्या आयसीचं आउटपुट वर सरकू शकतं. १२० लावला की १.२५ भागिले १२०, १०.४ मिलिअँपिअर, प्रश्न मिटला.

१२० बरोबर पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर) २.२ के, म्हणजे २.२ किलोओहमचा. पण तसाच लावला तर हिशेब २४ च्या वर जातो, आणि शेवटचे काही व्होल्ट ट्रान्सफॉर्मर देऊच शकत नाही. पॉटला १० के पॅरलल लावला, मिळून १.८ के. १८०० भागिले १२० म्हणजे १५, त्यात १ मिळवून १६; १.२५ गुणिले १६ म्हणजे २० व्होल्टला नॉब संपतो. पॉटचा मधला पाय एका टोकाला जोडलेला. तो झिजून सुटला तरी पॉटचा पूर्ण रेझिस्टन्स मध्ये राहतो, अ‍ॅडजस्ट पाय अधांतरी लटकत नाही.

२३ मार्च, रविवार

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस बहुधा हाच.

लिनिअर रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज उष्णता करून टाकतो. दुसरा मार्गच नाही त्याच्याकडे. २३ आत, ५ बाहेर, १ अँपिअर: ५ वॅट लोडला आणि १८ वॅट त्या नखाएवढ्या आयसीत. व्होल्टेज राखायचं काम डॉबकिन यांनी करूनच ठेवलंय. आपल्या वाट्याला येतं ते या वॅटना बाहेरची वाट करून देणं. पॉवर सप्लाय बांधणं म्हणजे निम्म्याहून जास्त हेच, असं माझं आता पक्कं मत झालंय.

आधी मायका. ३१७ ची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते आणि आपला हीटसिंक अर्थ केलेल्या डब्यावर बसणार, म्हणजे मध्ये इन्सुलेशन पाहिजेच. मायकाच्या दोन्ही अंगांना कंपाउंड लावायचं, इतकं पातळ की खालचा मायका दिसावा. ते फक्त हवेचे बारीक कप्पे भरण्यासाठी असतं, जाड थर दिला तर तोच उष्णता अडवतो. स्क्रूला प्लास्टिकचा बुश. आवळून झाल्यावर मीटर कंटिन्युइटीवर, एक टोक आयसीच्या पाठीवर, दुसरं हीटसिंकवर. आवाज नाही. मग स्क्रू आणखी पाव फेरा आवळून पुन्हा बघितलं, कारण मायकाला चीर पडते ती आवळतानाच. आवाज नाही.

मग मोजमाप. आउटपुट १२ व्होल्ट, एक इंडिकेटर बल्ब, ०.८३ अँपिअर. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स फार कमी असतो, त्यामुळे लावल्याक्षणी तो कितीतरी जास्त करंट मागतो. ३१७ ने स्वतःच्या मर्यादेत राहून बल्ब हळूच वर आणला, डोळ्यांना दिसेल इतका हळू. आयसीत जिरणारी वीज: २३.६ वजा १२, गुणिले ०.८३, म्हणजे ९.६ वॅट. खोली ३१ अंश. मल्टिमीटरची तापमानाची वायर पंखांच्या मुळाशी चिकटवून वाट बघितली. आकडा ६३ वर येऊन थांबला.

३२ अंश वाढ, ९.६ वॅट, म्हणजे हा हीटसिंक दर वॅटमागे ३.३ अंश चढतो. दुकानात त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, आता मला तो आकडा माहीत आहे. आयसीच्या आतल्या चकतीपासून पाठीपर्यंत दर वॅटला ५ अंश हे डेटाशीटमधून, मायकाचा १ धरला. एकूण ९.३. आत तापमान होतं ६३ अधिक ५८, म्हणजे १२१. चकतीची मर्यादा १२५. हीटसिंकला बोट लावून "बरा गरम आहे" म्हणत बसले असते तर हे कळलंच नसतं, कारण बोटाला ६३ कळतात आणि आत १२१ असतात.

यानंतर मुद्दाम १८ वॅटची परीक्षा. सिमेंटचे दोन १० ओहम पॅरलल, ५ व्होल्ट, १ अँपिअर. सुरुवातीला मीटरवर ५.०० स्थिर. काही मिनिटांनी ४.९, ४.३, मग आकडा वरखाली नाचायला लागला. आयसीने स्वतःला वाचवायला करंट तोडायला सुरुवात केली होती. काढून थंड होऊ दिला, परत तोच ५.००. या आतल्या संरक्षणाचं मला फार कौतुक वाटतं, पण त्याच्या जिवावर रोज काम करायचं नाही.

आता ९-०-९ चं कारण. ब्रिजचं एक टोक वाइंडिंगच्या एका टोकाला कायम, दुसरं एका टॉगल स्विचमधून: वर केला तर दुसरं टोक, १८ व्होल्ट, खाली केला तर मधली वायर, ९ व्होल्ट. खाली करून तोच ५ व्होल्ट १ अँपिअरचा लोड लावला. कपॅसिटरवर आता १० व्होल्ट, आयसीत ५ वॅट. हीटसिंक ४८ वर थांबला. एका स्विचने १८ चे ५ वॅट झाले! ज्यांना पहिला सप्लाय करायचाय त्यांनी मधली वायर असलेला ट्रान्सफॉर्मरच घ्यावा, हे मी ठामपणे सांगेन.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी मामांकडे ड्रिल. हीटसिंक डब्याच्या मागच्या बाजूला बाहेरून, पंख उभे राहतील असा; आडवे ठेवले तर गरम हवा वर सरकत नाही. पंखा लावायचा नाही असं ठरवलं, धूळ खेचतो आणि आवाज करतो. पुढे लाल-काळे टर्मिनल, नॉब, टॉगल, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा छोटा डिजिटल मीटर.

६ एप्रिल, रविवार

डब्यात बसवल्यावर वायरी लांबल्या, तेव्हा हे तपासलंच पाहिजे होतं. १२० ओहमचा रेझिस्टर आयसीच्या आउटपुट पायालाच चिकटून असावा, पुढच्या लाल टर्मिनलवर नव्हे. टर्मिनलवर घेतला तर मधल्या वायरीत पडणारा व्होल्टेज पॉटच्या प्रमाणात वाढतो: वायर ०.०५ ओहमची, करंट १ अँपिअर, ०.०५ व्होल्ट, पण आउटपुट ५ असेल तर तो चौपट, ०.२ व्होल्ट. उलट पॉटचं खालचं टोक काळ्या टर्मिनलवरच न्यायचं. दोन्ही करून मोजलं: लोडशिवाय ५.००, १ अँपिअरला ४.९५.

दोन डायोडही आज. एक आउटपुटकडून इनपुटकडे, एक अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे, दोन्ही १एन४००७. पहिला, सप्लाय बंद करताना बाहेरच्या सर्किटमधला कपॅसिटर उलटा आयसीतून रिकामा होऊ नये म्हणून; दुसरा, त्या मधल्या पायावर पुढे लावायच्या कपॅसिटरसाठी तसाच.

१३ एप्रिल, रविवार

रिपल, म्हणजे डीसीवर राहिलेली ती १०० हर्ट्झची लाट, किती उरतो? माझ्या मीटरची एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्ट, मिलिव्होल्ट त्याला दिसणार नाहीत. पण कानाला ऐकू येतात. जुना इअरफोन घेतला, त्याच्या सिरीजमध्ये १०० मायक्रोफॅरड. जोडताना इअरफोन कानात नको, कपॅसिटर भरताना जोराचा ठोका बसतो.

आधी रेग्युलेटरच्या अलीकडे, १० के मधून: तंबोऱ्याच्या खर्जासारखा एकसुरी आवाज, १०० हर्ट्झ. मग रेग्युलेटरच्या पलीकडे, १० के काढून टाकून, बल्बचा लोड चालू ठेवून. बारीक घूं, खिडकी बंद केल्यावर ऐकू येणारी. त्यानंतर अ‍ॅडजस्ट पायापासून जमिनीला १० मायक्रोफॅरड लावला. आवाज गेला. क्लिप काढली, आला, लावली, गेला. डेटाशीटमध्ये याच कपॅसिटरने रिपल दाबण्याची ताकद ६५ डेसिबलवरून ८० वर जाते असं दिलंय. २ व्होल्टांची लाट पहिल्यात साधारण मिलिव्होल्टभर उरते, दुसऱ्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ६५ आणि ८० हे आकडे वाचून काही जाणवलं नव्हतं, कानाने ऐकल्यावर जाणवलं. मामांनाही ऐकवलं, त्यांनी दोनदा क्लिप काढून लावून खात्री करून घेतली.

२० एप्रिल, रविवार

करंट लिमिट. ३१७ चं स्वतःचं लिमिट दीड अँपिअरच्या वर आहे, नवीन सर्किटमध्ये काही उलटं जोडलं असेल तर तेवढ्यात ते जळून जातं. म्हणून दुसरा ३१७ पहिल्याच्या आधी. आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये १२ ओहम लावून करंट अ‍ॅडजस्टच्या बाजूने पुढे घेतला की १.२५ भागिले १२, सुमारे १०४ मिलिअँपिअरच्या पुढे तो काही देत नाही. याला स्वतःला साडेतीन-चार व्होल्ट लागतात, १ अँपिअरच्या वेळी ते परवडत नाहीत. पण १०० मिलिअँपिअरला कपॅसिटर जेमतेम उतरतो, तिथे व्होल्टेज हवा तेवढा आहे. म्हणून एक स्विच: 'जपून' आणि 'पूर्ण'. पूर्णवर हा दुसरा आयसी बाजूला पडतो.

'जपून'वर लाल-काळं टर्मिनल सरळ वायरने जोडलं. मीटर: ० व्होल्ट, ०.१० अँपिअर. तसंच ठेवून चहा करून आले. आत तीन वॅटही नाहीत, हीटसिंक कोमट. आउटपुटवर कपॅसिटर फक्त १० मायक्रोफॅरडचा ठेवलाय. तिथे हजार लावला असता तर लिमिट कितीही कडक असो, त्या कपॅसिटरमधली साठवण आधी सर्किटमध्ये शिरली असती.

वरच्या खोलीत आज ३८ होते. मे महिन्यात इथे स्लॅबखाली ४२ धरूनच चालायला हवं. १२५ वजा ४२, भागिले ९.३, म्हणजे ९ वॅटच्या जरा आत. मी ८ ठरवले.

२७ एप्रिल, रविवार

डब्यावर चिकटवायचा कागद तयार केला. टॉगल खाली: ३.३ आणि ५ व्होल्टला १ अँपिअर, ६ च्या वर जाऊ नये. टॉगल वर: ५ व्होल्टला ०.४, ९ ला ०.५, १२ ला ०.७, १५ ला १ अँपिअर. नवीन सर्किट आधी 'जपून'वर.

लॅमिनेट करून आणला आणि पुढच्या पॅनलवर, नॉबच्या वर लावला. मामांना आता त्यांच्या वर्कबेंचसाठी असाच एक हवाय, १२ व्होल्टचे रिले तपासायला. त्यांच्यासाठी १२-०-१२ घ्यावा की हाच, ते शनिवारी महाराणी रोडला ठरवू. माझ्यासाठी त्याच फेरीत एलएम ३३७, म्हणजे ३१७ चा निगेटिव्ह व्होल्टेजचा जोडीदार, आणायचाय. ऑप-अँपला (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीला) बहुतेक वेळा निगेटिव्ह व्होल्टेजही लागतो, आणि डब्यात दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरपुरती जागा मी मोजून ठेवली आहे.